फ्रान्सच्या खेड्यांतून स्वतःचं स्वतः चालायचंय? कोणतं काम आधी, कोणतं नंतर (ल पुई ते कोंक)

फ्रान्समध्ये चालायला जायचं ठरलं की लोक आधी विमानाचं तिकीट काढतात, मग शूज घेतात, आणि रात्री झोपायचं कुठे हा विषय सगळ्यात शेवटी येतो, तोही "बघू तिथे गेल्यावर" म्हणून. माझ्या ओळखीतल्या तीन ग्रुपचं गणित इथेच फिसकटलं. एका ग्रुपला तर दुसऱ्याच दिवशी गावात एकही बिछाना मिळेना म्हणून संध्याकाळी सहाला टॅक्सी करून पुढे जावं लागलं, पुढचे सगळे टप्पे बिघडले आणि चालणं राहिलं बाजूला, रोज दुपारपासून फोन लावत बसायची वेळ आली. हे सगळं टाळता येतं, फक्त कामांचा क्रम बदलायला लागतो.

बरोबर गाइड नाही, टूर कंपनी नाही, वाटेवर रंगाच्या खुणा असतात आणि रात्रीचं बुकिंग तुम्ही आधी केलेलं असतं, असा हा प्रकार. उदाहरण म्हणून मी जीआर ६५ घेतेय (जीआर म्हणजे फ्रान्समधल्या खुणा केलेल्या लांब पल्ल्याच्या पायवाटा, प्रत्येकीला नंबर असतो), ल पुई-आं-व्हले ते कोंक, साधारण २०० किमी. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच वाट सुचवते कारण खुणा भरपूर, दर काही किलोमीटरवर गाव, आणि सामान पुढे पोचवणारे लोक आहेत. दुसरी वाट निवडलीत तरी कामांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा १: किती चालायचं ते ठरवा, आणि जरा कमीच ठरवा

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. आपण एका दिवसात हरिश्चंद्रगड करून येतो, मग २५ किमी काय मोठं, असं वाटतं. पण तो ट्रेक झाला की सोमवारी आपण ऑफिसात खुर्चीवर असतो, आणि इथे दुसऱ्या दिवशी परत २० किमी, तिसऱ्या दिवशी परत. दम फारसा लागत नाही, पण तळवे आणि टाचा बोलायला लागतात, कारण बरीच वाट खडीच्या गाडीरस्त्यावरून आणि मधूनमधून डांबरावरून जाते.

रोज १५ ते २० किमी धरा. दोन हिशोब देते:

५-६ दिवस असतील तर ल पुई ते ओमों-ओब्राक, साधारण ९० किमी. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे परतीची काळजी कमी. ओमोंहून गाड्या मात्र दिवसाला मोजक्याच, वेळापत्रक आधी बघा.

१०-१२ दिवस असतील तर थेट कोंकपर्यंत. वाटेत सोग, सेंत-आल्बां, ओमों-ओब्राक, नास्बिनाल, सें-शेली-दोब्राक, एस्पालियों, एस्तें, गोलिन्याक अशी गावं लागतात.

पहिल्या दिवशी बहुतेक जण सें-प्रिव्हा-दालियेपर्यंत २३-२४ किमी जातात. भारतातून येऊन दोन दिवस झालेले असताना हे करू नका. साधारण १६ किमीवर मोंबोने नावाची छोटी वस्ती आहे, तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी मोनिस्ट्रोल, तिसऱ्या दिवशी सोग. एक दिवस वाढतो, पण गुडघे शाबूत राहतात, कारण सें-प्रिव्हानंतर मोनिस्ट्रोलला आलिये नदीपर्यंतचा उतार या भागातला सगळ्यात वाईट आहे आणि लगेच पलीकडे तेवढाच खडा चढ. दोन्ही एका दमात नकोतच.

*तपासा:* प्रत्येक दिवसापुढे किलोमीटरबरोबर चढ किती मीटर आणि उतार किती मीटर तेही लिहिलंय ना? फक्त किलोमीटर लिहिले असतील तर टप्पा अजून ठरलेला नाही.

टप्पा २: तारखा

मेचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हे चांगले. सोगच्या पुढे वाट बरेच दिवस हजार मीटरच्या वर असते, ओब्राकच्या पठारावर तर १३०० च्याही वर जाते, एप्रिलमध्ये तिथे बर्फ पडू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा त्रास, आणि आपल्याला उन्हाची सवय असली तरी सावली नसलेल्या वाटेवर सहा तास हा वेगळा प्रकार आहे.

मेमध्ये एक खोच आहे. १ मे आणि ८ मे या सुट्ट्या, शिवाय असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांचे लाँग वीकेंड, तेव्हा फ्रेंच लोकच चालायला निघतात. आणि २५ मेच्या जवळच्या वीकेंडला ओब्राकमध्ये गुरं वर कुरणात नेण्याचा सण असतो, गायींना फुलं, झेंडे, घंटा लावून मिरवत नेतात. बघायला फार सुंदर, पण त्या दोन-तीन रात्री आजूबाजूला बिछाना मिळणं कठीण. जायचंच असेल तर तेवढं बुकिंग सगळ्यात आधी करा.

अजून एक, शनिवारी-रविवारी निघू नका. बरेच जण वीकेंडला ल पुईहून सुटतात आणि मग तो सगळा लोंढा रोज एकेक गाव पुढे सरकतो. मंगळवारी किंवा बुधवारी निघालात तर तुम्ही दोन लोंढ्यांच्या मध्ये राहता आणि बिछाने पटापट मिळतात.

टप्पा ३: बिछाने (विमानाच्या आधी!)

तुम्ही रोज किती चालणार हे खरं तर झोपायची जागा ठरवते. १८ किमीवर थांबायचंय आणि तिथे जागाच नसेल तर एक तर १२ ला थांबा नाहीतर २६ चाला.

राहायला मुख्यतः दोन प्रकार. झीत म्हणजे चालणाऱ्यांसाठीचा मुक्काम, चार ते दहा बिछान्यांची खोली, बाथरूम सामायिक. दुसरं शांब्र-दोत, म्हणजे कुणाच्या तरी घरात स्वतंत्र खोली, महाग पण निवांत. झीतमध्ये दमी-पांसियों घ्या, म्हणजे रात्रीचं जेवण, बिछाना आणि नाश्ता एकत्र, माणशी साधारण ५० युरोच्या आसपास पडतं. लहान गावात दुसरं हॉटेल नसतं, त्यामुळे "जेवणाचं तिथे बघू" म्हटलंत तर उपाशी राहाल. काही ठिकाणी जेस्तियों लिब्र असतं, म्हणजे स्वयंपाकघर वापरायला मिळतं, स्वतः खिचडी टाकू शकता.

बुकिंग असं करा:

१. आधी अडचणीची गावं, म्हणजे जिथे एखाददुसराच मुक्काम आहे. या वाटेवर मोंबोने, सोगच्या पुढचं सोव्हाज, आणि ओब्राक गाव. ती मिळाली की बाकीचं त्यांच्याभोवती बसवा.

२. मेल थोडक्यात लिहा: तारीख, किती माणसं, दमी-पांसियों हवं की नको, जेवणाची अट, किती वाजता पोचाल. फ्रेंचमध्ये लिहा, भाषांतराचं ॲप पुरतं. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, बरेच मालक मेलपेक्षा फोनवर पटकन बोलतात.

३. लेखी कन्फर्मेशन मागा. फोनवर "वी, वी" (हो, हो) म्हणाले म्हणजे झालं असं धरू नका, आणि व्हिसासाठी तो कागद लागतोच.

४. ॲडव्हान्स मागितला तर तो "आर्र" आहे का बघा. आर्र म्हणजे तुम्ही कॅन्सल केलंत तर ते पैसे गेले.

*सावधान:* येता येणार नसेल तर फोन करून कळवा. तुमचं ताट वाढून ते वाट बघतात, आणि अंधार पडला तर शोधाशोध सुरू होते. दोन ठिकाणी बुकिंग करून ठेवायचं आणि एक सोडून द्यायचं हे कृपा करून करू नका, पाच-सहा बिछान्यांच्या घरात त्याने खरंच नुकसान होतं, आणि मागून येणाऱ्या कुणाला तरी नकार मिळालेला असतो.

टप्पा ४: व्हिसा, विमा, तिकिटं

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंट मिळायला मारामार असते. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विमा घेताना एक गोष्ट वाचून घ्या, पायी चालणं म्हणजे हायकिंग त्यात धरलंय का, आणि जखमी झालात तर तिथून हलवायचा खर्च आहे का. स्वस्तातल्या पॉलिसीत हेच वगळलेलं असतं.

अर्जाबरोबर रोजचा कार्यक्रम द्यावा लागतो, तिथे रात्रीगणिक गाव, मुक्कामाचं नाव आणि कन्फर्मेशन असा तक्ता जोडा. माझ्या भावाने "हायकिंग इन फ्रान्स, १२ डेज" एवढंच लिहिलं होतं, त्याला कागद पूर्ण करायला परत जावं लागलं. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट रद्द करता येण्यासारखंच ठेवा.

पोचायचं कसं: पॅरिसच्या चार्ल्स द गोल विमानतळावरूनच ल्यों पार-दियूला थेट टीजीव्ही म्हणजे वेगवान रेल्वे आहे, शहरात जायची गरज नाही. ल्योंहून सेंत-एतियेन शातोक्रू, तिथून टीईआर म्हणजे त्या भागातल्या साध्या गाडीने ल पुई. टीजीव्हीचं तिकीट जितकं लवकर तितकं स्वस्त, टीईआरची घाई नाही. रविवारी गाड्या कमी असतात. ल पुईत दोन रात्री राहा, एक झोपेसाठी आणि एक राहिलेली खरेदी करायला.

टप्पा ५: पाय तयार करणं

शूज निघायच्या किमान दोन महिने आधी घ्या आणि किमान १०० किमी घालून चाला. अर्धा नंबर मोठे, कारण दुपारनंतर पाय सुजतात.

सराव करताना एक मोठा ट्रेक करण्यापेक्षा लागोपाठचे दिवस महत्त्वाचे. शनिवारी १५ किमी, रविवारी परत १५, तीच बॅग पाठीवर घेऊन, जमेल तेवढं कडक रस्त्यावर. पुण्यातली माणसं सिंहगडावर जातात ते चढासाठी ठीकच आहे, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मुठेच्या काठाने चार तास सपाटीवर चाला, तेव्हा कळतं टाच कुठे घासते ते.

नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा. आणि उतार सुरू व्हायच्या आधी थांबून लेस घोट्याजवळ घट्ट करा. मोनिस्ट्रोलच्या उतारावर मी हे केलं नाही. शूजच्या आत पाय पुढे सरकत राहिला, खाली पुलापाशी मोजा काढला तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी, आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक उतार आडवा-तिडवा चालत उतरले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

*सावधान:* पायाला कुठेही गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबा, पुढच्या गावात बघू म्हणू नका. मोजा काढा, वाळू द्या, टेप लावा. फोड यायच्या आधी पाच मिनिटं जातात, आल्यावर तीन दिवस.

टप्पा ६: बॅग

पाठीवर पाण्यासकट ७-८ किलो, त्याच्या वर नको. जास्त सामान असेल तर या वाटेवर रोज एका मुक्कामातून दुसऱ्या मुक्कामात बॅग पोचवणाऱ्या कंपन्या आहेत, एका बॅगेचे एका टप्प्याला साधारण १० युरो. वयस्कर माणसं, पाठीचा त्रास असलेली माणसं यांनी बिनदिक्कत घ्यावं, यात कमीपणा काही नाही. वजनाची मर्यादा बुकिंग करताना विचारा, बॅग सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत दाराशी ठेवावी लागते, आणि औषधं, पासपोर्ट, पैसे, रेनकोट कधीही त्या बॅगेत टाकू नका.

कपडे अंगावर एक, बॅगेत एक, झोपायला एक. रोज धुवायचे. कॉटनचे टीशर्ट घेऊ नका, घाम आणि पाऊस दोन्हीत ओले राहतात आणि पठारावरचा वारा गार असतो, जूनमध्येसुद्धा. मोजे तीन जोड्या. चांगला रेनकोट आणि बॅगेचं कव्हर, छत्री वाऱ्यात टिकत नाही. ट्रेकिंग पोल दोन, विमानात चेक-इन सामानात जातात. झीतमध्ये ब्लँकेट बहुतेक मिळतं, चादरीची शिवलेली पिशवी स्वतःची न्या.

बऱ्याच झीतमध्ये बूट दाराशी आणि बॅग खालीच ठेवायला सांगतात, वर नेऊ देत नाहीत. ते ढेकणांसाठी असतं. वाईट वाटून घेऊ नका, लागेल तेवढंच एका पिशवीत काढून वर न्या.

खाऊ नेताना लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, तुपातले लाडू, पनीर नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोह्याचा चिवडा चालतो.

टप्पा ७: खुणा वाचायला शिका

जीआर वाटेची खूण म्हणजे वर पांढरा, खाली लाल असे दोन आडवे पट्टे. झाडावर, खांबावर, दगडावर, कधी गटाराच्या पाइपवर. बाकीचे अर्थ:

- नुसते दोन पट्टे: सरळ जा.
- पट्ट्यांखाली वळलेला बाण: लवकरच वळण आहे.
- पांढरा-लाल फुली: ही वाट नाही.
- पिवळा-लाल: वेगळी, त्या भागात गोल फिरून येणारी वाट.
- नुसता पिवळा: छोटी गावाभोवतीची वाट.

इथे लोक चुकतात ते असं. सगळ्या जीआर वाटांचा रंग एकच असतो, आणि ल पुईतून एकापेक्षा जास्त जीआर निघतात, जीआर ७० सुद्धा तिथूनच जातो. पांढरा-लाल दिसला म्हणजे आपला, असं धरून माणसं सकाळी सकाळी भलत्याच दिशेला जातात. गावातून बाहेर पडताना पाटीवर ६५ हा आकडा डोळ्यांनी बघा. ल पुईत प्लास द्यु प्लो या चौकातून र्यु सें-झाक हा रस्ता पकडायचा.

दुसरा नियम: दहा मिनिटं चाललात आणि एकही खूण नाही, की थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे जाऊन "मिळेलच" असं करायचं नाही. नास्बिनालच्या पुढे आम्हाला धुकं लागलं, तिथे झाड नाही, घर नाही, फक्त गवत आणि कुंपणाचे लाकडी खांब, आणि खुणा त्या खांबांवर बोटभर जाडीच्या. गुरांची एक वाट इतकी रुळलेली होती की आम्ही तीच धरली, वीस मिनिटांनी पाणथळात उभे. परत फिरून शेवटच्या खांबापाशी आलो तेव्हा दिसलं, वळणाचा बाण होता, ओला गवताचा गुच्छ त्याच्यावर वाकला होता.

ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल फोनमध्ये घ्या, पण दर मिनिटाला बघत चालू नका, खुणा शोधायची सवयच लागत नाही मग.

*तपासा:* घरून निघायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून नकाशा उघडतोय का बघा.

टप्पा ८: रोजचा दिवस

साडेसात-आठला निघा. लहान गावांतली दुकानं दुपारी साधारण साडेबाराला बंद होतात ती तीन-चारला उघडतात, रविवारी दुपारी बंद, सोमवारी बऱ्याचदा दिवसभर. बेकरीसुद्धा आठवड्यातून एक दिवस बंद. म्हणून नियम एकच, दुकान उघडं दिसलं की दुपारचं आणि उद्याचं दोन्ही घ्या. रोख पैसे ठेवा, सगळीकडे कार्ड घेत नाहीत, आणि एटीएम मोठ्या गावातच.

पाणी दीड ते दोन लिटर. नळावर "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं, "नों पोताब्ल" असेल तर हात धुवा फक्त. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमीपाशी बघा, तिथे बहुतेक असतो, चालणारे तिथेच बाटल्या भरतात. पाटी तेवढी वाचा.

शाकाहारी मंडळींसाठी सविस्तर, कारण इथे खूप मनस्ताप होतो. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर मासे चालतात असं काही जण समजतात, आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, ते तर कशातही असतात. ल पुईची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, मसूरच म्हणून निर्धास्त मागवाल, त्यात नेमके लार्दों. म्हणून बुकिंग करतानाच लिहा आणि पोचल्यावर परत सांगा: "नी व्यांद, नी प्वासों, नी लार्दों", म्हणजे मांस नाही, मासे नाही, लार्दों नाही. अंडं नको असेल तर तेही वेगळं सांगा, नाहीतर ऑम्लेट ठरलेलं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेले मुक्कामच निवडा.

ओब्राकमध्ये मात्र आलिगो आहे. बटाटा, ताजं तोम चीज, लोणी, क्रीम, लसूण. यजमानीण पातेल्यातून लाकडी पळी वर उचलते तेव्हा त्याची तार तिच्या खांद्याच्या वर जाते आणि तुटत नाही. बरोबर सॉसेज वाढतात, ते नको म्हणून आधीच सांगा. आम्ही दोनदा मागून घेतलं.

टप्पा ९: हवामान, गायी, आणि थांबायचं कधी

रोज संध्याकाळी मेतेओ-फ्रांसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, इशाऱ्यांचा नकाशा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर पठारावर जायचं नाही, विजा असतील तर अजिबात नाही, वर आडोसा नाही. असा दिवस आला तर टॅक्सीने पुढच्या मुक्कामी जा.

पठारावर वाट कुरणातून जाते. गेट उघडलंत की बंद करा, प्रत्येक वेळी. गायीबरोबर वासरू असेल तर लांबून वळसा घाला, मध्ये जाऊ नका, फोटोसाठी जवळ तर नकोच. आपल्याकडे गाय म्हणजे जाऊन पाठीवर हात फिरवायची सवय असते, इथे त्या माणसाच्या इतक्या सवयीच्या नसतात.

सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम, "शास आं कूर" (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर भडक रंगाचं काहीतरी अंगावर घाला आणि वाट सोडू नका. उंच गवतातून चालल्यावर संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेपाशी गोचिड आहे का बघा. अडचणीत ११२.

गुडघा सुजला, ताप आला, तर थांबा. मोनिस्ट्रोल आणि ओमों-ओब्राकला रेल्वे आहे, तिथून बाहेर पडता येतं. पुढच्या मुक्कामांना तेवढे फोन करा.

टप्पा १०: परत येणं

कोंकला शिरताना उतार खडा आणि दगडी आहे, पावसात घसरतो, दिवसाच्या शेवटी पाय थकलेले असतात, सावकाश. कोंकला रेल्वे नाही. सामान नेणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या ल पुईला परत सोडतात, सीझनमध्ये, पण सीट आधी बुक करावी लागते. नाहीतर टॅक्सीने रोदेझ आणि तिथून रेल्वे. हे बुकिंग बिछान्यांच्या बरोबरच करून टाका, शेवटच्या दिवशी विचारलंत तर गाडी भरलेली असते.

फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी पॅरिसला पोचलेलं असा, त्याच दिवशी कोंकहून निघून विमान पकडायचं ठरवू नका. निघायच्या दिवशी गाडी सकाळी लवकर असते, तर मुक्कामाचं बिल आणि माणशी थोडासा स्थानिक कर आदल्या रात्रीच सुट्ट्या पैशांत देऊन टाका, आणि नाश्ता बांधून मिळेल का ते जेवतानाच विचारा. बहुतेक ठिकाणी ब्रेड, जॅम आणि थर्मासमध्ये कॉफी काढून ठेवतात.